चार स्क्रू

“ताई, आज दोन मशिनी सुरू केल्या मी,” माया चपला काढता काढता म्हणाली. “बॅटरीच बदलाची होती. शाळेच्या मॅडम लय खूश!”

रोशनी कणीक तिंबत राहिली. दोघी सख्ख्या जावा, इंदोऱ्यात एकाच घरात राहणाऱ्या. दोघीही शाळेच्या ग्रंथालयात परिचर; रोशनी कामठीला, माया हिंगण्याला. दोन्ही शाळांना मुलांसाठी पडद्यावर पुस्तकं वाचायची वाचनयंत्रं मिळाली होती. आयटीआय केलं होतं रोशनीनं. मायाला पेचकस धरायला तिनंच शिकवलं. पण रोशनीच्या शाळेतली यंत्रं गोंदानं चिकटवलेली. एकदा तिनं एक गरम करून उघडायला घेतलं, तर काच तडकली. मुख्याध्यापकांनी हात लावायचीच बंदी केली. तीन वर्षांत चाळीसातली एकतीस बंद पडून कपाटात गेली. मायाच्या शाळेतलं एकही नाही. शाळेनं शाल देऊन तिचा सत्कार केला, त्या दिवशी रोशनी डोकं दुखतं म्हणून घरीच पडून राहिली.

रविवारी दुपारी माया एक यंत्र घेऊन तिच्यापुढे आली. “हे मले जमून नाही राहिलं. चार्जिंगची जागा हालते. पाहता का?”

“काहून वं? शालवाल्या बाईले नाही जमत?”

बोलून गेल्यावर रोशनीलाच ते लागलं. पण माया यंत्र घेऊन परत गेली नाही.

रोशनीनं चार स्क्रू काढले. झाकण अलगद निघालं. आत बॅटरी, पडदा, चार्जिंगचा तुकडा, सगळं सुटं सुटं. सोल्डरिंगचा एक डाख लावायचा होता, दहा मिनिटांचं काम. ते झाल्यावरही ती त्या उघड्या यंत्राकडे बघत बसली. मायाचा हेवा आता आणखीच वाटत होता; तिला उघडणारी यंत्रं मिळाली होती. इतकी वर्षं ती समजत होती, आपलाच हात कच्चा.

“मॅडमले तुमचं नाव सांगतो,” माया म्हणाली.

“सांगजो. विसरू नको.”

बुधवारी रोशनीच्या शाळेत बंद यंत्रं भंगारात काढायचा कागद आला. कारणाच्या रकान्याशी तिचा पेन थांबला.

“लिहा, मुलांच्या हाताळणीमुळे नादुरुस्त,” मुख्याध्यापक म्हणाले.

“पोरांनी काही नाही केलं, सर. मशिनीच उघडत नाहीत.”

“सांगतो तेवढं लिहा.”

तिनं लिहिलं, ‘उघडण्याची सोय नाही, म्हणून दुरुस्ती झाली नाही.’ खाली सही केली, पेनाला टोपण लावलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.