कानशीने घासलेला नादकाटा

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज बारीक, गलबल्यात विरून जातो. पण चित्त देऊन ऐकाल तर दोन कानांची आणि एका चुकीची गोष्ट सांगेन.

मी एक जुना नादकाटा आहे. पोलादाचे दोन पाय आणि खाली देठ, एवढाच माझा देह. गुडघ्यावर आपटलं की माझ्यातून पेटीच्या पांढरी सहा या पट्टीचा सूर निघायचा, केसभर वर नाही की खाली नाही. देवाने मला तेवढी एकच गोष्ट दिली आणि ती जपायला सांगितली.

बाजाच्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतलं. गल्ली त्यांना सूरवाले म्हणे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. टेबलावर पोट उघडून पडलेली पेटी, तिच्यातल्या सूर देणाऱ्या पितळेच्या पत्त्या, बारीक कानस. मागच्या खोलीत धाकट्या बहिणीचं शिवणयंत्र. पत्तीचा सूर उतरला असला तर टोकाशी कानस फिरवायची, की तो चढतो. मधूनमधून मला वाजवून उजव्या कानाशी धरायचं. एकतीस वर्षं रोज उजवाच कान. बहीण थट्टा करी, "दादा, डावा कान काय नुसता चष्मा अडकवायला ठेवलायस?"

सुखाचे दिवस होते ते. शाळेतल्या गाण्याच्या बाई म्हणत, सूरवाल्यांच्या हातची पेटी वाजली की मुलं आपोआप सुरात येतात. ते ऐकून मी खिशातल्या खिशात थरथरत असे.

मग एका सकाळी सूरवाले उजव्या कानात बोट घालून हलवू लागले. कान भरल्यासारखा वाटत होता, आत बारीक घूं घूं चालली होती. त्यांनी मला वाजवलं, कानाशी धरलं आणि कपाळाला आठी घातली. पुन्हा वाजवलं. "उतरलास की रे," ते पुटपुटले.

मी उतरलो नव्हतो, मित्रांनो. पण सांगू कसं? मला तर एकच सूर येतो, आणि तोच त्यांना खोटा वाटत होता. डाव्या कानाशी धरलं असतं तर सगळं तिथेच उमगलं असतं. त्यांनी कानस उचलली. पत्तीची टोकं घासतात तशी माझ्या दोन्ही पायांची टोकं घासली, अगदी मायेने, फुंकर घालत घालत. माझा जन्माचा सूर भुकटी होऊन टेबलावर पडला.

त्या आठवड्यात त्यांनी शाळेची पेटी माझ्यावरून लावली. गाण्याच्या बाई दोन दिवसांत परत आल्या. पेटी चढलीय, बासरीशी जुळत नाही, मुलांचे गळे ताणतात, असं त्या भीतभीत म्हणाल्या. सूरवाल्यांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी उठताना त्यांच्याभोवती खोली गरगरली. भिंत धरून उभे राहिले, तर उजवा कान ठार बंद. मळ असेल म्हणून तेल सोडलं, कापूस कोंबला. बहिणीला कळू दिलं नाही, कारण सूर लावणाऱ्याचा कान गेला हे कळल्यावर त्याच्याकडे पेटी कोण आणणार? दाराला कडी घालून ते पेटीसमोर नुसते बसून राहत. मीही खिशात गप्प. एवढं एकटेपण मी कधी अनुभवलं नव्हतं.

अकराव्या दिवशी ते डाव्या कुशीवर, चांगला कान उशीत रुतवून पडले होते आणि शेजारी स्टोव्हवरचं दूध उतू गेलं. बहीण मागच्या खोलीतून तीनदा ओरडली, ते ढिम्म. ती समोर येऊन उभी राहिली, डोळ्यांत पाहिलं आणि काही न विचारता त्यांची छत्री काढून आणली. "चल," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांच्या टेबलावर सूरवाल्यांनी मला ठेवलं. आधी हा उतरला आणि मग कान गेला, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी मला वाजवून सूरवाल्यांच्या कपाळावर टेकवलं आणि आवाज कुठे येतो ते विचारलं. डावीकडे. मग मला त्यांच्या डाव्या कानाशी धरलं.

सूरवाल्यांनी मला हातात घेऊन स्वतः पुन्हा एकदा वाजवलं. मग हळूच म्हणाले, "हा तर चढलाय. मीच चढवलाय याला."

डॉक्टरांनी समजावलं, की कानाच्या आत शंखासारखी नळी असते, तिच्यात थोडं पाणी असतं. ते साठून तुंबलं, म्हणून कान जड झाला आणि सूरही खोटा ऐकू आला. शेवटी विचारलं, "ऐकू येईनासं होऊन किती दिवस झाले?"

"अकरा."

लिहिता लिहिता डॉक्टरांचं पेन थांबलं. "पहिल्याच दिवशी यायला हवं होतं."

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, मीठ कमी झालं. कान थोडा परतला, बंद दाराआडून कोणी बोलावं इतकाच. सूरवाल्यांनी शाळेत जाऊन बाईंची माफी मागितली, नवा काटा घेतला आणि डाव्या कानाने ती पेटी पुन्हा लावून दिली.

मी आता खणात असतो, तुटक्या पत्त्यांच्या शेजारी. माझ्यावरून कोणी सूर लावत नाही, आणि लावूही नये. पण कधीतरी दुपारी खण उघडतो. सूरवाले मला वाजवतात, आधी उजव्या कानाशी धरून वाट पाहतात, मग डाव्या. "खरा तूच होतास रे," असं म्हणून फडक्याने पुसतात आणि परत ठेवतात.

मित्रांनो, कान अचानक जड झाला, बंद पडला, तर मळ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी घरात सांगा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि कुठे सुरात लागलेली पेटी ऐकलीत, तर एका कानाने सूर लावत बसलेल्या माझ्या धन्याची क्षणभर आठवण काढा.