शनिवारच्या सिनेमाचा पडदा

मित्रांनो, मी पडदा. जुना म्हणा, हरकत नाही. फैजपूरजवळच्या एका गावात पुष्पाबाईंनी बचत गटाच्या मशीनवर मांजरपाटाचे दोन तुकडे जोडून मला शिवले. शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या सभामंडपात मला ताणून बांधत आणि निवृत्त शिक्षक हेमराजनाना माझ्यावर सिनेमे दाखवत.

ती एक मालिका होती. प्रत्येक सिनेमात एक साधे माणूस, कधी नर्स, कधी रिक्षावाला, आणि त्याच्यापुढे एकच पेच: खरे बोलावे की आपले माणूस वाचवावे? मारामारी नाही, गाणी नाहीत, तरी लोक जागचे हलत नसत. शेवटाच्या जरा आधी नाना सिनेमा थांबवत आणि विचारत, "तुम्ही काय केलं असतं?" सिनेमा माझ्या अंगावर पडतो, मला तो दिसत नाही. मला दिसतात बघणाऱ्यांचे चेहरे. त्या प्रश्नाने ते असे गंभीर होत, की मला माझ्या कामाचा अभिमान वाटे.

एकदा सिनेमातल्या आईला कळले, की अपघात तिच्या मुलाने केला आणि पकडला गेला भलताच. नानांनी प्रश्न टाकला. पुष्पाबाई उठून म्हणाल्या, "मी आसती त सांगून देती. पोरगा आपला आसला म्हनून काय झालं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही त्या फार आवडल्या.

माझा मुक्काम त्यांच्याच घरी, कोठीच्या खोलीत असे. एका पहाटे त्यांचा मुलगा स्वप्नील आत आला आणि त्याने विळा माझ्या घडीला पुसला. बांधावरून भांडण झालेल्या भटूभाऊंची केळी त्याने कापून टाकली होती. आमच्याकडे राग माणसावर असतो आणि निघतो उभ्या केळीवर. केळीच्या चिकाचा डाग जात नाही, हे पुष्पाबाईंना ठाऊक होते. तरी त्यांनी मला साबण लावून घासले. डाग काळा पडत गेला, तशा त्या खाली बसून रडल्या.

आळ आला झुलालवर. तो भटूभाऊंचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आणि आदल्याच दिवशी दोघांची बाचाबाची झाली होती. शनिवारी नाना मला न्यायला आले.

"पुष्पाबाई, तुमचं शेत शेजारीच आहे. कोणी दिसलं का?"

"मले काही माहीत नही, नाना. आन् पडदा उंदरायनं कुरतडला."

मी दाराआड धडधाकट पडलो होतो. नाना रिकाम्या हातांनी परत गेले. पुढच्या आठवड्यात झुलाल बायकापोरांना घेऊन जामनेरला निघून गेला. मालिकेतला शेवटचा सिनेमा गावाने पाहिलाच नाही.

पुष्पाबाई वाईट नाहीत, मित्रांनो, म्हणून तर मला जास्त वाईट वाटते. मला जपा, असे मागणे मी मागणार नाही. कधी आमच्या गावी आलात, तर त्यांच्याजवळ घटकाभर बसा. झुलालला काही निरोप द्यायचा आहे का, हे त्यांना कोणी विचारत नाही, ते तुम्ही विचारा. त्यांना सांगा, जामनेर काही लांब नाही. एसटी रोज जाते.