फोडलेल्या धुऱ्याची खूण

२०१६ साली मी गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावला सुट्टीच्या दिवशी मुलांना संगणक शिकवत असे. मुलांसाठीची एक मराठी प्रोग्रामिंग भाषा पुण्यातली काही मंडळी हौसेने तयार करत होती. तीच आम्ही वापरायचो. एका ओळीचं उत्तर आपोआप पुढच्या ओळीला देण्याची सोय तिच्यात नव्हती. दहावीतल्या योगेश्वरीने ती लिहिली, चालवून दाखवली. आता फक्त तिची खूण ठरायची होती.

पुण्याच्या त्या गटाचे प्रमुख घनश्याम बिसेन, मूळचे गोंदियाचेच. त्यांचा फोन आला, तो मी वर्गातच स्पीकरवर लावला.

"उभी रेघ आणि पुढे बाण. बाहेरच्या भाषांत हेच चालतं."

"रेघ नको, दादा," योगेश्वरी म्हणाली. "पोट्टे रेघेले वावरातला मातीचा धुरा समजून राहिले. पाणी अडलं म्हणतात, अन् खालच्या ओळीत उत्तर पुन्हा लिहितात. धानाच्या वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत सोडाचं तर धुरा फोडा लागते नं? एकाखाली एक दोन टिंबं ठेवा, मंधात फट. पुढे बाण."

घनश्याम हसले. "अगं, हा तर आडवा पडलेला हसरा चेहरा! लोक हसतील आपल्याला."

"हसू द्या."

"उद्या नोकरीत तुला रेघच लागेल."

"तवा शिकीन. पाचवीतल्या तिलकले आजच कायले नोकरीवर लावता?"

वर्गात हशा पिकला. घनश्यामांचा आवाज मात्र बदलला. "रविवारपर्यंत रेघ मान्य कर. नाहीतर नव्या आवृत्तीत ही सोय नाही, तुझं नावही नाही."

तिचं नाव यावं, असं मला फार वाटत होतं. मी हळूच योगेश्वरीला म्हणालो, "बाई, सध्या रेघ ठेव. मग बदलू."

"गुरुजी, पोराले समजलं नाई तर चूक शिकवणाऱ्याची, हे तुमीच सांगता. मंग आता काऊन मागं सरता?"

ती फोनकडे वळली. "नका घेऊ, दादा. भाषा सगळ्यायसाठी खुली आहे. आमी आमच्या संगणकात आमची खूण लावतो."

नवी आवृत्ती आली, त्या सोयीशिवाय आणि योगेश्वरीच्या नावाशिवाय. त्याच सकाळी तिने वर्गातल्या प्रत्येक संगणकावर आपली सोय चढवली. तिलकने टिंबं टाकली, बाण टाकला आणि खालच्या ओळीवर बरोबर उत्तर उमटलं.

"ताई, थे पुण्यावाले आपल्यावर रागावले का?"

"रागावू दे. तू पुढची ओळ लिही."