बब्बदची व्युत्पत्ती

“बब्बद! बब्बद!” पलीकडच्या टेबलावरची मंडळी टाळ्या पिटत ओरडली आणि वेलांटीरावांनी हातातले पत्ते पालथे ठेवून कान टवकारले.

छापखान्यात प्रुफं तपासता तपासता त्यांचे केस पिकले होते. ऱ्हस्व-दीर्घावरून ते इतकी हुज्जत घालत, की क्लबाने त्यांचं बारसंच करून टाकलं. हुज्जत अर्थात कागदावर. बोलायला गेले की पहिलंच अक्षर दाताशी धरणं धरून बसे. पत्त्यांत बोलावं लागत नाही, म्हणून तर क्लब! हुकूम सांगायची पाळी आली की ते खडूने टेबलावर लिहीत. साऱ्या जगात ‘या, बसा’ म्हणणारी त्यांची जागा एवढीच.

यंदा क्लबाने नियमांची पुस्तिका काढायचं ठरवलं आणि पत्त्यांतल्या शब्दांचे अर्थ, उगम लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. गृहस्थ हरखून गेले. इस्पिक आणि किलवर बोटीतून उतरले असावेत, झब्बूचं मूळ देव जाणे, असं प्रामाणिकपणे लिहून मोकळे झाले. घोडं अडलं ते बब्बदपाशी. हुकूम सांगायला उशीर करून डाव घालवला, की तो बब्बद. शब्द फक्त याच क्लबातला. कुठून आला विचारलं, की मंडळी मिशीत हसत.

“जोडाक्षर ल-लिहू, की ब सुटे?” त्यांनी आपल्या भिडूला विचारलं. भिडू औषधांचा दुकानदार. वर्षानुवर्षं समोरच्या खुर्चीत बसणारा.

“सुटे लिहा की. जितके जास्त तितके बरे.”

शेवटी उलगडा झाला. ‘बाद’ची द्विरुक्ती! बाद-बाद, बब्बद. त्या आनंदात ते बायकोला म्हणाले, “मी स-सभेत बोलणार.”

“कशाला विषाची परीक्षा?” ती म्हणाली. पण इस्त्रीचा सदरा तिनेच काढून दिला, आणि सभेला येऊन मागच्या रांगेत बसली.

वेलांटीराव उभे राहिले. घसा साफ केला.

“ब... ब... ब...”

सभा फुटली. कुणी बाक बडवला, कुणी डोळे पुसले. सेक्रेटरी हसता हसता ओरडला, “बसा, बसा! व्युत्पत्ती कशाला, आम्हाला उदाहरणच मिळालं!”

ते खाली बसले. ‘उदाहरण’ कसलं, हेच त्यांना कळेना. भिडू शेजारी सरकला.

“मनावर घेऊ नका हो. ती फायनल आठवते? बदामाचा एक्का, राजा, राणी, सगळं तुमच्या हातात. खडू सापडेना. बदाम म्हणायचं, तर तुम्ही आपले ब-ब-बद, ब-ब-बद. वेळ संपली, डाव गेला. दुसऱ्या दिवशी मी गमतीत म्हटलं, बब्बद झाला. चिकटला शब्द.”

“त... तुम्ही?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

इतकी वर्षं ज्याच्या डोळ्यांत बघून आपण पत्ता टाकला, तोच हा. वेलांटीरावांना रडू आलं, आणि या लोकांसमोर ते येऊ नये म्हणून त्यांनी दात आवळले. मागून बायको पुढे आली. “उठा, घरी चला,” एवढंच म्हणाली आणि भर सभेत तिने त्यांचा हात धरला. त्यावरही कुणीतरी शिट्टी मारली.

पुस्तिकेचं काम त्यांच्याच छापखान्यात होतं. आठवड्याने प्रुफं टेबलावर आली. त्यांची नोंद काढून सेक्रेटरीने नवी घातली होती : ‘बब्बद – आमच्या एका बोबड्या सभासदाची खेळाला देणगी.’

वेलांटीरावांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली. बोबडा म्हणजे ज्याला अक्षरं धड उच्चारता येत नाहीत तो. शब्द चुकला होता. त्यांनी लाल पेन उघडलं, ‘बोबड्या’वर आडवी रेघ मारली, समासात सुवाच्य अक्षरात ‘तोतऱ्या’ लिहिलं, खाली सही केली आणि पान छपाईला पाठवलं.