अभिमनभाऊंच्या कमरेचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. विहिरीचा नव्हे, गुरांचाही नव्हे. झाडावर चढलेल्या माणसाला अधांतरी तोलून धरणं, हे माझं काम. माझे मालक धुळ्याचे अभिमनभाऊ.

भाऊ आधी झाडं पाडायचे. जामनेरजवळ एका घरच्या मुलांनी दारचं आंब्याचं झाड पाडायला सांगितलं, भाऊंनी पाडलं. संध्याकाळी त्या मुलांचे वडील, चुडामणनाना, मुक्ताईनगरहून परतले. उरलेल्या बुंध्यावर हात ठेवून ते एवढंच म्हणाले, "मले कोनी इचारलं बी नही?" भाऊंना जेवण गेलं नाही. पुढे ते नाशिकला एका जाणकाराकडे वर्षभर राहिले. झाडांचे आजार शिकले, छाटणी शिकले. तिथेच त्यांनी मला विकत घेतलं.

मग कुणीही बोलावलं, तरी भाऊ लगेच करवत काढत नसत. झाडाभोवती फिरत. खोडावर लाकडी हातोडी ठोकून आवाज ऐकत. घरातल्या म्हाताऱ्यांनाही विचारत. "झाड पाडानी गरज नही, ताई. घरवरनी एक फांदी काढसू, बस." काहींना राग येई, ते दुसऱ्याला बोलावत. बरेच जण मात्र पुढच्या वर्षी भाऊंनाच फोन करत. चढण्याआधी भाऊ माझी वीत न् वीत बोटांखालून काढत. तेव्हा मला फार बरं वाटे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही रिक्षाने कामाला निघालो होतो. माझ्या शेजारी कुणाची तरी इन्व्हर्टरची बॅटरी ठेवलेली होती. खड्ड्यात रिक्षा आदळली आणि बॅटरीतलं थोडं ॲसिड माझ्यावर सांडलं. वरून डाग दिसेना, बोटं फिरवली असती तर मात्र ती जागा कडक लागली असती. आत माझे धागे जळत होते.

काम होतं सुनंदाबाईंकडे. त्यांच्या अंगणात मुलीच्या, मोहिनीच्या लग्नाचा मांडव घालायचा होता. कडुनिंबाची एक वाळकी फांदी नेमकी त्या जागेवर लोंबत होती. मोहिनीचा भाऊ भूपेंद्र सारखा फाटकाशी जाऊन येई.

"मांडववाला उभा शे, भाऊ. जरा आटपा ना!"

"हाऊ दखा, चढनू!" हा बघा, चढलोच, असं भाऊ हसून म्हणाले.

त्या दिवशी त्यांची बोटं माझ्यावरून फिरलीच नाहीत. त्यांनी मला वरच्या जाड फांदीवरून टाकलं, कमरपट्ट्याला बांधलं, आणि वर चढून सगळा भार माझ्यावर टाकला. मी मनात ओरडत होतो, भाऊ, थांबा, मला बघा! पण दोराला तोंड कुठलं? एकेक धागा तुटताना मला कळत होतं. उरलेल्यांनी मी धरून ठेवलं, धरून ठेवलं, आणि मग तुटलो.

भाऊ वाचले. पण खुब्याचं हाड मोडलं. आता ते काठी टेकत झाडाखाली उभे राहतात, वर दुसरे चढतात. सुनंदाबाई रडत म्हणाल्या, "त्ये झाडच तोडी टाकसू, भाऊ." भाऊ म्हणाले, "झाडनी काय करं, अक्का? मीच दोर दखा नही."

मलाही ते एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मित्रांनो, जे तुमचा भार वाहतात, त्यांच्यापैकी पुष्कळांना बोलता येत नाही. कितीही घाई असो, त्यांच्यावरून एकदा हात फिरवा.

आज सकाळी भाऊंनी कोयत्याने माझे तुकडे केले. चुकूनही कुणी माझ्या भरवशावर झाडावर चढू नये म्हणून. प्रत्येक घाव घालताना ते थांबत होते. आता मी कचऱ्याच्या गोणीत आहे आणि गल्लीत घंटागाडी आली आहे.