दोघींच्या मधला पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. कडा दुमडल्या आहेत, चिकटपट्टीच्या खुणांनी अंग भरलं आहे आणि छातीला एक गोल भोक पडलं आहे. आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर काडीचाही विश्वास नाही. तुम्ही ही गोष्ट शेवटपर्यंत वाचाल यावरही नाही. पण ज्याचं उभं आयुष्य दोघींच्या भांडणात उभं राहण्यात गेलं, त्याने विश्वास आणायचा कुठून?

माझा जन्म कारखान्यातला. भरलेल्या वह्या, शिळी वर्तमानपत्रं, फाटलेली बिलं यांचा लगदा करून मला घडवलं, म्हणजे चार लोकांच्या भानगडी माझ्या रक्तातच आहेत. मग मला दाबलं, वाळवलं आणि वॉशिंग मशीनचं खोकं केलं. माझ्या पोटावर छत्रीचं चित्र काढलं, एक बाण काढून ‘ही बाजू वर’ असं लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत छापलं, ‘नाजूक वस्तू, जपून हाताळा’. हमालांनी बाण नीट पाहिला आणि मला बरोब्बर उलटा ठेवला. तेव्हापासून लिहिणाऱ्यांवर आणि वाचणाऱ्यांवर, दोघांवरचाही माझा विश्वास उडाला.

मशीन गेलं गिऱ्हाइकाकडे आणि मी आलो मशीन बसवणाऱ्याच्या घरी. हे बाबा वॉशिंग मशीन दुरुस्त करायचे. आई शाळेची बस चालवायची. ती म्हणाली, “राहू दे खोकं, लागतं कधीतरी.” हे वाक्य ऐकलं की समजावं, आता आपली रवानगी माळ्यावर. तिथे मी बरेच दिवस पडून राहिलो. झुरळं येऊन गेली. त्यांच्यावरही माझा डोळा होता.

घरात दोन मुली होत्या. थोरली कॉलेजात जायला लागलेली, धाकटी तिसरीत. टीव्हीला जोडून खेळायचा एक युद्धाचा खेळ त्यांच्याकडे होता. त्यात आपण स्वतःला दिसतच नाही, दिसते फक्त आपल्या हातातली बंदूक आणि पुढचं पडकं गाव. तिथे एक पाण्याची टाकी आहे, एक पूल आहे आणि लपायला ढीगभर भिंती आहेत. बाबा एकदा खेळायला बसले आणि आभाळाकडे बंदूक रोखून गोल गोल फिरत राहिले. म्हणाले, “मला मशीनच्या ड्रमच्या आतलंच बरं कळतं.” पुन्हा काही ते बसले नाहीत.

थोरली एकटी खेळायची तेव्हा समोर कॉम्प्युटरचे सैनिक असायचे. ते बिचारे रोज त्याच वाटेने यायचे आणि रोज मरायचे. त्याचा कंटाळा आला की ती धाकटीला हाक मारायची. दोघी खेळल्या की पडद्याचे दोन भाग व्हायचे, डावा थोरलीचा आणि उजवा धाकटीचा. खरी लढाई तिथे सुरू व्हायची, कारण शेजारच्या भागात नुसती नजर टाकली की दुसरी कुठे लपली आहे ते कळतं. त्यात धाकटी जिंकायची. वर खेळताना तिचं तोंड सदा डावीकडे, थोरलीच्या भागाकडे वळलेलं. कुठेतरी पाणी मुरत होतं हे कोणीही सांगितलं असतं, आणि पाणी मुरणं म्हणजे काय ते पुठ्ठ्याला विचारा.

“तू माझ्याकडे बघतेस,” थोरली म्हणाली.

“मी माझ्याकडेच बघते,” धाकटी म्हणाली.

“मग मान का तिकडे?”

“मान अशीच आहे माझी.”

आता हे काय उत्तर झालं? थोरलीने मला माळ्यावरून ओढलं, स्वयंपाकघरातल्या सुरीने माझी एक बाजू कापून घेतली आणि टीव्हीच्या बरोब्बर मध्यावर, पडद्यापासून पुढे त्यांच्या गुडघ्यांपर्यंत, मला उभं केलं. अर्थात उलटं. बाण जमिनीकडे.

अशी माझी नोकरी सुरू झाली. भिंतीला कान असतात म्हणतात, मला दोन्ही बाजूंना डोळे होते आणि त्यांत मी तेल घालून बसलो होतो. सुट्टीत त्यांचा मावसभाऊ राहायला आला. त्याला घरात सगळे कर्नल म्हणायचे, कारण स्वतः पहिल्या झटक्यात मरायचा आणि मग बाकीच्यांना हुकूम सोडत बसायचा. त्याला धुराच्या बॉम्बचा भारी नाद. तो फुटला की पडद्यावर पांढरं धुकं पसरतं आणि समोरचं काही धड दिसत नाही. मला पाहून कर्नल म्हणाला, “वा, काय सरहद्द आहे.” माझ्या आयुष्यातलं हे एकमेव कौतुक. तेही ज्याचा नेम कधी लागला नाही अशा माणसाकडून.

आणि मित्रांनो, मी मध्ये असतानाही धाकटी जिंकली. मान तशीच डावीकडे. आता तिच्या नाकासमोर माझ्याशिवाय काही नव्हतं. कर्नल म्हणाला, पुठ्ठ्याला हात घालायचं भोक आहे, त्यातून बघत असेल. त्यात मोजा कोंबला. थोरली म्हणाली, खिडकीच्या काचेत टीव्ही दिसत असेल. पडदे ओढले. मग कपाटाच्या आरशावर चादर टाकली. मीही धाकटीच्या चेहऱ्याकडे टक लावून बसलो होतो, आणि खरं सांगतो, ती माझ्याकडे बघत नव्हती. चेहरा माझ्याकडे आणि बुबुळ कोपऱ्यातून पडद्यावर. मला वाटलं, पोरगी पोहोचलेली आहे.

शेवटी थोरलीने निकाल दिला. “डोळेचोर. उद्यापासून तू माझ्याबरोबर खेळायचं नाहीस.” कर्नलने ते नाव घरभर केलं. धाकटी आईकडे गेली. आई म्हणाली, “मी तुमच्यात डावं-उजवं करत नाही, तुमचं तुम्ही बघा.” धाकटीला खेळ गेल्याचं फार नव्हतं. ताईच्या मांडीला मांडी लावून बसायची तिची जागा गेली होती आणि आपण खोटं बोलत नाही हे कोणाला पटवावं, ते तिला कळत नव्हतं. त्या संध्याकाळी ती सतरंजीवर माझ्या कडेचा कागद सोलत बसून राहिली. मला दुखलं, पण तिला काही बोलवेना.

सुट्टी संपून कर्नल त्याच्या घरी गेला. थोरली दुपारी क्लासला जायची. मला कपाटाला टेकवून ठेवलं होतं. धाकटीने अख्खा पडदा घेतला आणि एकटीच कॉम्प्युटरच्या सैनिकांशी खेळू लागली. मी सवयीने लक्ष ठेवलं. पाहतो तर मान डावीकडे. डावीकडे आता थोरली नाही, तिचा भाग नाही, मीसुद्धा नाही. मग ही बाई चोरते तरी कोणाचं?

हाच प्रश्न दारात उभ्या असलेल्या थोरलीलाही पडला. चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून ती क्लास सोडून लवकर परतली होती, चप्पल हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग आत येऊन धाकटीच्या मागे बसली आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं सरळ केलं. हात सोडला की मान पुन्हा डावीकडे.

“सरळ बघ ना.”

“सरळच बघतेय.”

थोरलीने जरा विचार केला आणि धाकटीच्या उजव्या डोळ्यावर हात धरला. “आता खेळ.”

धाकटीचा सैनिक चालत गेला आणि थेट भिंतीवर आपटला. पुन्हा आपटला.

“ताई, धुराचा बॉम्ब कोणी टाकला?”

“कोणीच नाही टाकला.”

“मग धूर कसला? अगं हां, हा डावा डोळा. डावा तसाच असतो ना.” धाकटी अगदी सहज म्हणाली. “डावा हात नाही का कच्चा असतो आपला? तसा.”

थोरलीचा हात तिथेच राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाली, “माझा नाही गं तसा.”

त्याच आठवड्यात आईने कामावर सुट्टी टाकली. डोळ्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, डावा डोळा आळशी झाला आहे. उजवा सगळं काम करतो, म्हणून मेंदूने डाव्याचं ऐकणंच सोडलं. चांगला डोळा पुढे आणायला मान वळते. शाळेत डोळे तपासले होते, पण तेव्हा पोरीने उजव्या डोळ्यावर हात ठेवून बोटांच्या फटीतून अक्षरं वाचली होती. आयुष्यातली एकच खरी चोरी, आणि ती कोणी पकडली नाही. बाई म्हणाल्या, वय लहान आहे तोवर डोळा वळणावर येतो, आणखी काही वर्षं गेली असती तर अवघड होतं. आई बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि रडली. दिवसभर तीन-तीन आरशांत बघून गाडी चालवणारी मी, घरातलं मला दिसलं नाही, म्हणाली.

उपाय असा होता, की चष्मा लावायचा आणि रोज थोडा वेळ चांगला डोळा झाकून डाव्याला कामाला लावायचं. डोळ्यावर लावायच्या चिकटपट्टीने धाकटीच्या कातडीला पुरळ आलं. मग बाईंना विचारून आईने माझ्यातून एक गोल तुकडा कापला, मऊ कापडात गुंडाळला आणि चष्म्याच्या उजव्या काचेमागे बसवला. नेमकी ‘जपून’ या शब्दावरून कात्री फिरली. ‘नाजूक वस्तू’ आणि ‘हाताळा’ एवढंच आता माझ्याकडे उरलं आहे.

दोघी पुन्हा एकत्र खेळायला बसल्या, सवयीने मला पुन्हा मध्ये उभं केलं, आणि डोळा झाकून खेळताना धाकटी सपाटून हरू लागली. सगळीकडे धूरच धूर. तिने कंट्रोलर फेकून दिला. तेव्हा थोरलीने मला मधून काढलं, कपाटाला टेकवलं आणि म्हणाली, “इकडे बघ. माझ्या भागात. मी टाकीमागे आहे, दिसतेय?”

“नाही.”

“मग सरक जवळ. हवं तेवढं बघ.”

हे रोज चाललं. ज्याच्यासाठी डोळेचोर ठरवलं, तेच थोरली आता मिनतवाऱ्या करून तिच्याकडून करवून घेत होती. रोज थोरली सांगायची, टाकीमागे आहे, आणि रोज धाकटी नाही म्हणायची. मला तर वाटलं, हे काही खरं नाही.

मग एका संध्याकाळी थोरली नेहमीसारखी म्हणाली, “मी टाकीमागे.” धाकटी नाक पडद्याला लागेल इतकी पुढे सरकली. उजवा डोळा झाकलेला होता आणि मान सरळ होती.

“खोटं बोलतेस ताई. टाकीमागे नाहीस तू. पुलाखाली आहेस.”

थोरली खरंच पुलाखाली होती. खोटारडी म्हटल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. धाकटीला जवळ ओढून ती म्हणाली, “पुन्हा म्हण.”

मित्रांनो, संशय घ्यायला माझी ना नाही, मी स्वतः त्यावरच जगलो. पण कोणाची मान वाकडी दिसली तर मध्ये पुठ्ठा उभा करण्याआधी त्याच्या जागी बसून बघा, तिथून कसं दिसतं ते. आणि घरातली लहान मुलं ‘सगळ्यांचं असंच असतं ना’ म्हणाली की कान टवकारा.

आता मी कपाटामागे असतो. दोघी खेळतात, मधे कोणी नसतं. हल्ली थोरली फार हरते, तेही जिथे सहज दिसेल अशा मोकळ्या मैदानात उभी राहून. मला दाट संशय आहे. पण हा एक संशय मी कोणाला सांगणार नाही.