सिद्धाप्पाची मोजणी

मैंदर्गीच्या सिद्धाप्पाचा सारा जन्म मेंढरांमागं गेला. खुबा मोडून हाती काठी आली, तेव्हा लेकानं, सिद्धरामनं, त्याला कुंभारीजवळच्या वृद्धाश्रमात आणून ठेवलं. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणीतरी हातात आणून देई. महिन्याभरात सिद्धाप्पा भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागला.

एकदा सिस्टर झीनत चित्रांची वही आणि रंगीत खडू घेऊन आली, तसा तो उखडलाच. "मी काय बालवाडीतलं पोरगं हाय व्हय?"

झीनतनं वही मिटली. "मग बाबा, घरी सकाळी उठून काय करायचा तुमी?"

"मेंढरं मोजायचो. सोडताना एकदा, कोंडताना एकदा."

"मग आमाला मोजा की. चहाला कोण आलं, कोण न्हाय, मला तरी कुटं कळतंय?"

त्याला ती थट्टाच वाटली. तरी दुसऱ्या सकाळी तो काठी टेकत व्हरांड्यात उभा राहिला. तेवीस जण. नावं काही सुरुवातीला ध्यानात राहीनात, पण चाली राहिल्या. कोण पाय ओढतं, कोण कठडा धरून येतं, सगळं त्याला पाठ झालं.

दिवाळीनंतर एका सकाळी बावीसच भरले.

"नूरबी न्हाय."

"नमाज पढत असतील," झीनत म्हणाली.

"नमाज झाली की पयला चहा तिचाच असतो." तो थांबलाच नाही. न्हाणीघर पाहिलं, बाग पाहिली. पाण्याच्या टाकीमागं नूरबी भिंतीला टेकून बसलेली, अंग घामानं भिजलेलं. तिची साखर उतरली होती. त्याच्या हाकेसरशी झीनत धावली, तिनं साखरपाणी पाजलं, डॉक्टर आले. दुपारी नूरबी उठून बसली आणि पहिलं बोलली ते झीनतशी, "मलाबी काम दे गं. नुसतं बसून लई कंटाळा येतो."

दुसऱ्या दिवसापासून ती सूप घेऊन ज्वारी निवडू लागली. तिच्या शेजारी पाय ओढत येणारा मल्लप्पा शेंगा सोलायला बसला. आता व्हरांड्यात सकाळी एवढी गडबड, की सिद्धाप्पाची मोजणी दोनदा चुकायची.

रविवारी सिद्धरामचा फोन आला. "आप्पा, काय पाठवू?"

"वहाणा पाठव. हितल्या हितं फिरून जुन्या झिजल्या," सिद्धाप्पा म्हणाला आणि चहाची घंटा झाली तसा फोन झीनतच्या हाती देऊन मोजणीला व्हरांड्याकडं निघाला.